वीतभर वर

तळ्यातला बोरू कापायचे दिवस वर्षातून तीन आठवडे. त्याआधी कापला तर कांडी ओली निघते आणि वाळताना काळी पडते. त्यानंतर कापला तर नवे कोंब विळ्याखाली येतात. म्हणून या तीन आठवड्यांत घरात कुणी आजारी पडायचं नाही, कुणी रुसायचं नाही, आणि मरायचंच असेल तर आधी मरावं नाहीतर नंतर, असं आई म्हणायची.

यंदा नेमकी त्याच तीन आठवड्यांत गावच्या कारभाराची निवडणूक आली.

तळ्याच्या पश्चिम काठाला चार घरं होती आणि चारही घरं बोरूवर जगत होती. कापायचा, वाळवायचा, लाकडी मोगरीने ठेचून चपटा करायचा आणि त्याचे तट्टे विणायचे. कुणाच्या गोठ्याला भिंत म्हणून, कुणाच्या दुकानापुढे सावली म्हणून. थोरलीच्या बापाला गाव बगळा म्हणत असे. बारीक पाय, लांब मान आणि दिवसभर पाण्यात उभा. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण पोरंटोरंसुद्धा तोंडावर म्हणत आणि बाप ओ देत असे. थोरलीला त्याच्या ओ देण्याचाच जास्त राग यायचा.

ती घरातली मोठी मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. पहाटे उजाडताच पाण्यात उतरायची, नऊ वाजता बाहेर यायची, पाय पुसून त्यावर तेल चोळायची आणि बस पकडायची. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलवटलेली असे. वर्गात तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. चिखलाचा वास साबणाने जात नाही, तो कपड्यात नसतोच, केसांत असतो.

कापण्याची एक रीत होती आणि ती मोडायची नाही असा दंडक होता. डाव्या हाताच्या कवेत दहा-बारा काड्या धरायच्या, अंगाशी दाबायच्या आणि विळा पाण्याच्या वर वीतभर चालवायचा. वीतभर म्हणजे वीतभर. खाली नाही. पाण्याखाली कापलेल्या खुंटात पाणी शिरतं, कांडी पोकळ असते, पाणी थेट मुळापर्यंत जातं आणि कंद गुदमरून कुजतो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पुढच्या वर्षी तिथं बोरू उगवत नाही, इतकंच.

हे चारही घरांना माहीत होतं, कारण थोरलीच्या चुलत्याने एकदा ते करून बघितलं होतं. लांब कांडीला गिऱ्हाईक जास्त, म्हणून त्याने एका दुपारी हात पाण्यात घालून खोलवर कापलं. त्याला पंधरा वर्षं झाली. चुलता गेला, त्याचं घर पडलं, पण दाट बोरूमध्ये ती उघडी जागा अजून तशीच होती. तिथं बदकं पोहायची. घरात त्या जागेला ‘काकाची चूक’ म्हणत. “आज काकाच्या चुकीपासून सुरुवात करू,” असं आई सहज म्हणायची, जसं कुणी म्हणतं विहिरीपासून सुरू करू.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी मामा आला. आईचा धाकटा भाऊ. काम काही करत नव्हता, पण सदैव घाईत असे. हल्ली तो पेट्रोलपंपवाल्याच्या मागे फिरत होता. पंपवाला निवडणुकीला उभा होता. त्याच्यासमोर वीटभट्टीवाला.

“दाजी, तुमच्या काठाचं काही खरं नाही,” मामा काठावरच उभं राहून म्हणाला. बूट खराब होतील म्हणून तो खाली येत नसे. “भट्टीवाला निवडून आला तर सगळा बोरू उपटणार. फिरायला रस्ता करणार, दिवे लावणार, बाकडी टाकणार. कागदावर नकाशा तयार आहे, मी डोळ्यांनी बघितलाय.”

बाप पाण्यातच उभा राहिला. विळा कवेतल्या काड्यांपाशी थांबला.

“आणि पंपवाला?” आईने विचारलं.

“साहेब आपल्या बाजूचे. मी शब्द टाकलाय. तुमचा काठ तुमच्याकडे राहील.”

“फुकट?”

“ताई, तू ना, देवालाही पावती मागशील. फुकट काय, रविवारी गोदामात दोघांची समोरासमोर चर्चा आहे. व्यासपीठामागे लावायला बारा तट्टे पाहिजेत. चांगले, पिवळे धमक. आणि चारही घरांनी येऊन बसायचं. साहेब बोलले की टाळ्या. एवढंच.”

“तळं राखील तो पाणी चाखील,” आई म्हणाली. “यांनी कधी राखलं?”

“ऐक गं. दगडापेक्षा वीट मऊ.”

“वीट तर भट्टीवाल्याची आहे,” थोरली पाण्यातून म्हणाली. आई हसली. मामा हसला नाही.

“ही शिकायला लागल्यापासून फार बोलते,” तो म्हणाला.

बाप मोगरी घेऊन कामाला लागला. शनिवारपर्यंत त्याने बारा तट्टे तयार केले. त्यातले सात एका दुकानदाराने सांगून ठेवलेले होते. ते वाळले होते, रंग चांगला होता, म्हणून तेच दिले. दुकानदाराने रस्त्यात अडवून त्याला चार माणसांत झापलं आणि बाप मान खाली घालून ऐकत राहिला.

तिकडे कॉलेजात राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गाला फर्मान काढलं होतं. सगळ्यांनी रविवारी चर्चेला जायचं आणि आपली निरीक्षणं लिहून आणायची. “लोकशाही पुस्तकात नसते,” सर म्हणाले. “ती अशा गोदामात असते. दोन्ही बाजू समान मांडा. स्वतःचं मत नको. आणि प्रश्न विचारायचा असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.”

थोरलीने वहीचं पान फाडून लिहिलं: ‘पश्चिम काठाचा बोरू राखणार की काढणार? काढणार असाल तर त्यावर जगणाऱ्या चार घरांनी काय करायचं?’ दोनदा वाचलं. सोपं होतं, हो किंवा नाही म्हणण्याजोगं होतं. असा प्रश्न टाळणार कसा, असं तिला वाटलं. वय अठरा असलं की असं वाटतं.

गोदाम धान्याचं. रिकामं केलेलं, पण झाडलेलं नव्हतं. पत्रे तापले होते आणि भुशाचा वास घशात बसत होता. पुढे खुर्च्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली: डॉक्टर, वकील, व्यापारी, पत्रकार. मध्ये कॉलेजची पोरं बाकांवर. मागे पोती अंथरलेली. काठावरची माणसं आपसूक पोत्यांवर बसली. त्यांना कुणी बस म्हणालं नव्हतं. पाणी उताराकडे जातं, तशी ती गेली. आई आली नव्हती. “मी टाळ्या वाजवायला गेले तर कापायचं कुणी? तुमचे साहेब येणार आहेत का?” म्हणाली होती.

व्यासपीठामागे बारा तट्टे उभे केले होते. त्यांवर कापडी फलक खिळ्यांनी ठोकला होता. खिळा आरपार मारल्यावर तट्टा उभा चिरतो. बापाने लांबूनच चिरा मोजल्या असणार, कारण त्याची मान हळूहळू खाली गेली.

औषधाच्या दुकानवाला मध्यस्थ होता. त्याच्यापुढे एक घंटी. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. पहिला अर्धा तास दोघे एकमेकांना ‘माझे आदरणीय मित्र’ म्हणत होते आणि मित्राने रस्त्याची खडी कशी खाल्ली ते सांगत होते. भट्टीवाला उंच, आवाज खर्जातला. कुठल्याही प्रश्नाला तो ‘मुळात’ म्हणून सुरुवात करायचा आणि मुळापर्यंत कधी पोचायचा नाही. पंपवाला बुटका. बोलण्यासाठी त्याच्या पायाखाली एक खोकं ठेवलं होतं, आणि ते लोकांना दिसू नये म्हणून खोक्यापुढे फुलांची कुंडी. शाळेच्या गळक्या छपराबद्दल विचारलं तर भट्टीवाल्याने शिक्षण म्हणजे काय ते सांगितलं आणि पंपवाल्याने आपली आई किती कष्टाळू होती ते सांगितलं. छपराला दोघांनी हात लावला नाही.

थोरलीने वहीत लिहायला सुरुवात केली होती. दहा मिनिटांत थांबली. लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. समोरचे खुर्च्यांवाले मान डोलवत होते. डॉक्टर झोपला होता आणि टाळ्यांच्या वेळी बरोबर जागा होत होता. ही कला त्याने कुठे मिळवली असेल, असा तिला प्रश्न पडला.

मग औषधवाल्याने तिची चिठ्ठी उघडली. तिने आपला कागद ओळखला. त्याने तो वाचला, शेजारच्या माणसाच्या कानाशी लागला, पेन काढलं, काहीतरी खोडलं आणि मोठ्याने म्हणाला, “पुढचा प्रश्न. बोरू कारागिरांच्या विकासाबाबत आपलं धोरण काय?”

थोरलीच्या कानशिलांत रक्त चढलं. हा तिचा प्रश्न नव्हता. राखणार की काढणार, ते कुठे गेलं?

“मुळात,” भट्टीवाला म्हणाला, “तळं म्हणजे गावाचा आरसा. आता आरशावरच दाढी उगवली तर गावाने तोंड कुठे बघायचं?”

गोदाम हसलं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे थोरलीही हसली. ओठ आधी हलले, मग कळलं की दाढी म्हणजे आपण.

“त्या कुटुंबांना आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. बाग होईल, तिथं झाडलोटीला माणसं लागतील, पहाऱ्याला लागतील. मानाने जगतील.”

टाळ्या. डॉक्टर जागा झाला.

पंपवाला खोक्यावर चढला. त्याने आधी डोळे पुसले. “माझे बोरूवाले,” तो म्हणाला, आणि ‘माझे’वर असा थांबला की जणू स्वतः वाढवले. “गारठ्यात, कमरेइतक्या पाण्यात उभे असतात. जळवा लागतात. पाय कुजतात. मला रात्री झोप येत नाही. म्हणून मी ठरवलंय, माझ्या बोरूवाल्यांनी यापुढे पाण्यात उतरायचं नाही! मी मशीन आणतोय. होडीसारखं पाण्यावर चालतं, पुढे पातं. अगदी तळापासून कापतं. एक काडी वाया नाही, कांडी हातभर जास्त लांब मिळेल. आणि तळंही स्वच्छ. माझ्या मित्रांना बाग पाहिजे, मला माणूस पाहिजे, आणि मशीन दोन्ही देतं!”

टाळ्यांनी पत्रे वाजले. थोरलीने मागे वळून बघितलं. पोत्यांवर चारही घरं टाळ्या वाजवत होती. बापही. बोरूच्या धारेने कापून कापून त्याच्या तळव्यांना घट्टे पडलेले. त्याच्या टाळीचा आवाज माणसाच्या टाळीसारखा येत नव्हता, फळीवर फळी आपटल्यासारखा येत होता. आणि तो सगळ्यांत जोरात वाजवत होता. तळापासून म्हणजे काय, हे त्या गोदामात ज्या दहा-बारा माणसांना कळत होतं, तीच टाळ्या वाजवत होती.

ती उभी राहिली.

“पाण्याखाली कापला तर बोरू मरतो,” ती म्हणाली. आवाज पहिल्यांदा फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली, “तळापासून कापायचा नसतो. वीतभर वर कापायचा असतो. खाली कापला तर पुढच्या वर्षी काही उगवत नाही.”

औषधवाल्याने घंटी वाजवली. “चिठ्ठी द्या. तोंडी प्रश्न नाही.”

“चिठ्ठी दिली होती. तुम्ही खोडली.”

खुर्च्यांवरची डोकी वळली. पंपवाला हसत होता. त्याला राग आला नव्हता, उलट मजा वाटत होती. “बोलू द्या, बोलू द्या. बाळ, हे तू कुठल्या पुस्तकात वाचलंस?”

“पुस्तकात नाही. तळ्यावर या. काकाची चूक बघा जाऊन. पंधरा वर्षं झाली, अजून...”

“तुझ्या काकाची चूक आम्ही का बघायची?” मागच्या बाकावरून एकजण ओरडला. “आमच्या काकांच्या काय कमी आहेत?”

गोदाम असं हसलं की चिमण्या उडाल्या. घरातला शब्द घराबाहेर आला की त्याचं काय होतं, ते थोरलीला तेव्हा कळलं. ज्या दोन शब्दांत त्यांच्या घराचं सगळं शहाणपण होतं, तेच तिने हसण्यासाठी लोकांच्या हातात दिले होते. ती बोलत राहिली, पण तोंड हलताना दिसत होतं तेवढंच.

पंपवाल्याने हात वर करून शांतता केली. हे त्याला चांगलं जमायचं. “पोरगी हुशार आहे. पण पाण्यात कोण उभं राहतं? बाप. मग बापालाच विचारू. बगळेराव! उठा. लाजू नका. सांगा सगळ्यांना, मशीन पाहिजे की नको?”

बाप उठला. पोत्याचा भुसा त्याच्या गुडघ्यांना चिकटला होता. सगळं गोदाम त्याच्याकडे बघत होतं, आणि मामा भिंतीशी उभा राहून डोळ्यांनी खुणा करत होता. बापाने थोरलीकडे बघितलं नाही. पंपवाल्याच्या पायांकडे बघितलं, त्या खोक्याकडे, कुंडीकडे.

“पाहिजे, साहेब,” तो म्हणाला.

टाळ्या. पंपवाल्याने दोन्ही हात पसरले, जणू म्हणाला, आता काय बोलणार?

बाहेर पडताना दारात सर भेटले. “धाडस चांगलं,” ते म्हणाले. “पण भावनेच्या भरात गेलीस. मुद्द्याला धरून राहायला हवं होतं.”

“मुद्दा तोच होता, सर.”

“हो, पण मांडणी,” सर म्हणाले आणि पंपवाल्याशी हात मिळवायला पुढे गेले.

घरी जाताना बाप दहा पावलं पुढे आणि ती दहा पावलं मागे. अंतर कुणी कमी केलं नाही. आई काठावर पेंढ्या उभ्या करत होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. असल्या बातमीला पाय चार असतात.

“किती जोरात वाजवल्यात टाळ्या?” तिने विचारलं.

बाप हात धुवायला लागला.

“तुम्हाला माहीत नाही? तुमच्या सख्ख्या भावाने केलं, तुम्ही डोळ्यांनी बघितलं.”

“चारशे माणसं होती,” बाप म्हणाला. “त्यांच्यासमोर साहेबांना खोटं पाडायचं? आणि काठ गेला म्हणजे?”

“काठ राहिला आणि बोरू मेला म्हणजे काय करायचं? काठ चाटायचा? बगळा एका पायावर उभा राहतो म्हणतात. तुम्ही एकदा दोन्ही पायांवर उभं राहून दाखवा.”

बाप विळ्याला धार लावायला बसला. त्या दिवसापासून थोरली त्याच्याशी बोलली नाही. लागेल ते आईला सांगायची आणि आई त्याला सांगायची, तो समोर असतानाही.

मशीन निवडणुकीनंतर येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. निवडणुकीनंतर काही येत नाही हा आजवरचा अनुभव, त्यामुळे थोरली त्यातल्या त्यात निर्धास्त होती. पण पंपवाल्याला फोटो पाहिजे होता, आणि फोटो मतदानाआधीच कामाचा. मंगळवारी सकाळी आठ वाजता मशीन ट्रॅक्टरला बांधून काठावर आलं. त्यामागे पंपवाल्याची गाडी, गाडीत फोटोवाला, गाडीमागे मामा दुचाकीवर.

आदल्या रात्री तसा निरोप आला होता. आई आणि थोरली पहाटे चारपासून कापत होत्या, मिळेल तेवढा रीतीने कापून घ्यावा म्हणून. दोघींच्या विळ्यांनी असा कितीसा कापला जाणार? खळ्याएवढा तुकडा झाला होता. बाकीचा काठ पिवळा, उभा, वाऱ्यावर सळसळत होता.

मशीन म्हणजे पत्र्याची चपटी होडी. पुढे माणूसभर रुंदीचं दातेरी पातं, मागे डिझेलचं इंजिन. चालवणारा परगावचा, तेलकट कपड्यांतला, झोप न झालेला माणूस. त्याने इंजिन सुरू केलं, पातं फिरवून बघितलं आणि विचारलं, “कितीवर ठेवू?”

“म्हणजे?” पंपवाला म्हणाला.

“पातं खालीवर होतं, साहेब. ही कळ आहे. कुठून कापायचं ते सांगा.”

थोरलीने ऐकलं आणि तिचा विळा थांबला. म्हणजे यात मशीनचा दोष काहीच नव्हता. वीतभराचा प्रश्न होता, आणि उत्तर एका कळीत होतं.

“वर!” ती पाण्यातून ओरडली. “पाण्याच्या वर वीतभर!”

“पुन्हा तीच,” पंपवाला हसून फोटोवाल्याला म्हणाला. फोटोवाल्याने डोळा कॅमेऱ्यातून काढला. “साहेब, खुंट दिसले तर फोटोत घाण दिसेल. नुसतं पाणी दिसलं पाहिजे. आधी आणि नंतर, असं टाकायचंय.”

“बरोबर. खाली घे रे. साफ दिसलं पाहिजे.”

मशीनवाल्याने कळीला हात घातला, पण ओढली नाही. कामाच्या माणसाला कामाचा माणूस दिसतो. त्याने काठावर उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं. फोटोसाठी बापाच्या हातात एक पेंढी दिली होती आणि अंगात मामाचा सदरा घातला होता. बाह्या आखूड पडत होत्या.

“काका, तुम्ही सांगा. रोजचं तुमचं आहे. किती खाली घेऊ?”

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गोदाम नव्हतं, चारशे माणसं नव्हती. सहा-सात डोकी होती आणि एक सरळ प्रश्न होता, न खोडलेला. मामाने बापाच्या कोपराला चिमटा घेतला.

“साहेब म्हणतील तसं,” बाप म्हणाला.

कळ खाली गेली.

मशीन आवाज करत आत शिरलं. बोरू आडवा पडत गेला, एकही काडी न अडखळता, आणि त्यामागे काळंशार, गुळगुळीत पाणी उघडं पडत गेलं. खुंट नाही, काही नाही. चुलत्याला एका दुपारी जेवढं जमलं होतं, तेवढं मशीनने पहिल्या फेरीत केलं. पंपवाल्याने पँट दुमडली, होडीवर पाय ठेवला, बापाच्या खांद्यावर हात टाकला. फोटो. मग विळा हातात घेऊन फोटो. विळा त्याने उलटा धरला होता. कुणी सांगितलं नाही, थोरलीनेही नाही. छापून येऊ दे, ती मनात म्हणाली. चार फेऱ्या झाल्या. मग पंपवाल्याला दुसऱ्या गावी जायचं होतं. “संध्याकाळपर्यंत सगळा काठ करून टाक,” त्याने मशीनवाल्याला बजावलं. मामाने बापाला सदरा काढून द्यायला लावला, घडी घालून डिकीत ठेवला, आणि गाडीमागून दुचाकी हाणली.

धूळ रस्त्यावर बराच वेळ होती. बाप उघड्या अंगाने त्या धुळीकडे बघत उभा होता. मग तो पाण्यात उतरला. नव्या उघड्या जागेत गेला, वाकला, खांद्यापर्यंत हात बुडवला आणि तळाशी चाचपू लागला. गाल पाण्याला टेकला होता. एक खुंट चाचपला, पुढे सरकला, दुसरा चाचपला. अशी बरीच अंतरं त्याने हाताने मोजली. उठला तेव्हा अर्ध्या तोंडाला चिखल होता.

मशीनवाला पाचवी फेरी सुरू करायला वळला, तेव्हा बाप त्याच्या वाटेत उभा होता.

“वर घे,” बाप म्हणाला.

इंजिनात ऐकू गेलं नाही. मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. “काय?”

“पातं वर घे. पाण्यापासून वीतभर वर.”

“काका, आत्ता विचारलं तेव्हा काय झालं होतं? साहेब म्हणाले खाली.”

“साहेब गेले.”

“गेले म्हणजे मेले नाहीत. मजुरी ते देणार. उद्या विचारलं, खुंट का ठेवले, तर काय सांगू?”

“सांग, बोरूवाल्याने दम दिला.”

मशीनवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. छातीच्या फासळ्या, चिखलाचं तोंड, काडीसारखे हात. त्याला हसू आलं आणि त्याने ते दाबलंही नाही. “तुम्ही? दम?”

“हो.”

“बरं. दिला म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “पण वीत कुणाची, माझी की तुमची? मला इथून पाणी नीट दिसत नाही. कधी खाली जाईल, कधी वर.”

“मी पुढे चालतो.”

थोरली पेंढी तशीच टाकून त्याच्याजवळ गेली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी सरळ बोलली, आणि जे बोलली ते दोन दिवस दाढेखाली धरलेलं होतं.

“हे गोदामात का नाही बोललात? ते राहू दे. तासाभरापूर्वी का नाही बोललात? चार फेऱ्या गेल्या. तेवढ्यात एक घर जगतं.”

“भीती वाटली.”

“आणि आता? गाडी गेल्यावर गेली भीती?”

“नाही,” बाप म्हणाला. “आताही वाटते.”

त्याने डावा हात पाण्यावर धरला, करंगळी पाण्याला टेकवून, अंगठा वर ताणून, आणि बोरूच्या रांगेत मागे न बघता चालायला लागला. मशीनवाल्याने कळ ओढली. पातं पाणी गाळत वर आलं, हाताच्या उंचीला आलं, आणि बापाच्या मागून दोन हातांवर फिरत निघालं. मागे खुंट उभे राहत गेले, ओबडधोबड, दाट.

“सरका जरा बाजूला! पाय जातील!” आई ओरडली.

तो सरकला नाही. कापलेला बोरू दोन्ही बाजूंनी पाण्यावर पसरत चालला होता, आणि वारा त्याला मधल्या उघड्या पाण्याकडे ओढून नेत होता.

“तोंड काय बघतेस?” आई थोरलीवर खेकसली. “वाहून चाललाय सगळा.”

थोरली विळा कमरेला खोचून छातीभर पाण्यात शिरली.